डबा पोचेल ते होस्टेल

होस्टेल शास्त्रीय पद्धतीनं निवडायचं, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “निवड की,” म्हणाल्या, “पर आदी ह्या पाकळ्या निवड.”

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. येरमाळ्यात याचा अर्थ असा, की कुणाच्या बोअरचं पाणी खारट लागलं, कुणाचं फवारणीचं औषध गोठलं किंवा कुणाच्या सुनेच्या पैंजणांचा रंग उतरला, की लोक मला विचारायला येतात आणि मी सांगेन त्याच्या बरोबर उलट करतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. निदान विचारतात. घरात तेही होत नाही.

प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा होता. ज्ञानेश्वरीला धाराशिवच्या कॉलेजात बी.फार्मसीला प्रवेश मिळाला होता. प्रवेशाबद्दल आण्णा, म्हणजे आमचे वडील, खूश होते. राहण्याबद्दल मात्र ते ‘बघू’ म्हणाले. आण्णा कळंबला पंचायत समितीत लिपिक आहेत. साऱ्या नोकरीत त्यांनी कुणाला ‘नाही’ म्हणलेलं नाही, आणि त्यांनी ‘बघू’ म्हणलेली फाईल नंतर कुणाला दिसलेली नाही. पुढं त्यांनी एवढंच जोडलं, की सगळ्यांना पसंत पडेल असं होस्टेल रविवारपर्यंत सापडलं तर ठीक, नाहीतर ज्ञानूनं घरून रोज जाऊन-येऊन करावं. करिश्मानं नाही का केलं?

करिश्मा म्हणजे मी. मी केलं. सकाळची गाडी धाराशिवला पोचून मी धापा टाकत कॉलेजात शिरेपर्यंत आठचं प्रॅक्टिकल निम्मं झालेलं असायचं. टायट्रेशन नावाचा एक प्रयोग असतो. उभ्या काचेच्या नळीतून खालच्या पात्रात थेंब थेंब द्रावण सोडत जायचं. एका कुठल्यातरी थेंबाला पात्रातलं सगळं पाणी गुलाबी होतं, तिथं हात थांबवायचा. मी दारात यायची तेव्हा माझ्या जोडीदारणीचं पात्र गुलाबी झालेलं असायचं. त्या गुलाबी रंगाच्या सगळ्या छटा मला पाठ आहेत. त्याच्या आधी काय दिसतं, ते मी पुस्तकात वाचलं आणि त्यावर पदवी मिळवली.

ज्ञानूचं म्हणणं एका वाक्याचं होतं. “ताई, कुठलंबी चालंल. गोठ्यात ठिवलं तरी राहते, पर ते अपडाऊन नको.”

म्हणून मी तक्ता केला. पाण्यातले क्षार, आवाज, उजेड, खिडकी, कॉलेजपासूनचं अंतर, असे रकाने. प्रत्येक रकान्याला महत्त्वाप्रमाणे वजन. गुण भरायचे, बेरीज करायची, सगळ्यात जास्त बेरीज ते होस्टेल. यात भांडायला जागाच उरत नाही, असं मी समजावून सांगितलं. आण्णांना तक्ता आवडला, कारण त्यात रकाने होते. आत्यांनी तो लांब धरून पाहिला. आमच्या आत्या, धुरपताबाई, आण्णांच्या थोरल्या बहीण. घरातल्या कुठल्याही ठरावावर त्यांची सही लागत नाही, पण त्यांच्याशिवाय ठराव होत नाही.

“ह्यात डब्याचं कुठाय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, होस्टेलात मेस असते.

“मेसचं खाऊन पोरगी वाळून चिपाड व्हईल. डबा घरनंच जायचा.”

डब्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडच्या सकाळच्या एसटीत माणसांशिवाय कंडक्टरच्या सीटमागे कापडी पिशव्यांची एक रांग असते. गावातल्या आया उठून भाकरी थापतात, कालवण भरतात, पिशवीला गाठ मारतात आणि ती कंडक्टरच्या हाती देतात. धाराशिवच्या स्टँडवर कँटीनशेजारच्या बाकावर त्या पिशव्या उतरतात, शिकणारी पोरं येऊन आपापली उचलतात, आणि संध्याकाळच्या गाडीनं डबे परत येतात. पिशव्यांवर नावं नसतात. पिशवी कुणाच्या बापाच्या शर्टाची आहे त्यावरून ती ओळखायची. ही व्यवस्था कुठल्या नियमात बसते ते मी एकदा शोधलं होतं. कुठल्याच नाही. बहुधा म्हणूनच ती चुकत नाही.

मी डब्याचा रकाना वाढवला आणि त्याला सगळ्यात कमी वजन दिलं. हे आत्यांना सांगितलं नाही.

पाहणीला जायला गाडी हवी होती. हायवेवरचे किराणा दुकानदार महालिंगप्पा, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, आपली पिकअप घेऊन हजर झाले आणि गाडीबरोबर आमच्या निवड समितीतही शिरले. धाराशिवात त्यांचे एक पाहुणे मुलींचं होस्टेल चालवत होते, त्यामुळे पाहायची गरजच नाही, असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं. पुढं अप्पा, आत्या आणि आण्णा बसले. ज्ञानू आणि मी मागं, गुळाच्या ढेपींच्या रिकाम्या खोक्यांत. माझ्या मांडीवर पाण्यातले क्षार मोजायचा मीटर होता, फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप होतं आणि केसांत गूळ होता. माश्यांचा माझ्यावरचा विश्वास धाराशिवपर्यंत टिकला.

पहिलं होस्टेल कॉलेजचं स्वतःचं. गावाबाहेर, शांत, पाणी उत्तम, प्रत्येक खोलीला खिडकी आणि खिडकीबाहेर खरोखरचं झाड. फाटकाशी नियमांचा एक फलक होता. आण्णांनी तो उभ्यानं पूर्ण वाचला. काही नियम त्यांनी दोनदा वाचले, आपण चांगली ओळ वाचतो तसे. तिथंच त्यांचं मन बसलं.

कार्यालयातल्या लिपिकानं मात्र सांगितलं, की लांबच्या मुलींना आधी जागा, तेव्हा अंतराचा दाखला आणा. मी फोनवर नकाशा काढून दाखवला. नकाशा हा सक्षम अधिकारी नाही, असं ते म्हणाले. मग मी एसटीचं तिकीट दाखवलं. त्यावर भाड्याचे टप्पे होते. टप्प्यांचे किलोमीटर करून लेखी द्या, म्हणाले. हे माझं काम. मी कागद घेतला, टप्प्यांचे किलोमीटर केले, आणि आपला थांबा टप्प्याच्या मध्ये कुठंही असू शकतो म्हणून शेवटी प्रामाणिकपणे अधिक-उण्याचं चिन्ह घालून संभाव्य चूकही लिहिली.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. “हे अधिक आहे का वजा?”

दोन्ही, मी म्हणाले.

“मग एक खोडा. आणि खाडाखोड चालत नाही, नवीन लिहा.”

मी आण्णांकडे पाहिलं. आण्णा त्या माणसाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी आदराशिवाय दुसरं नाव देऊ शकत नाही. बाहेर येऊन ते मला म्हणाले, “माणूस नियमाचा आहे.”

दुसरं होस्टेल अप्पांच्या पाहुण्यांचं. स्टँडच्या मागच्या बाजूला, नाव ‘ड्रीम नेस्ट गर्ल्स रेसिडेन्सी’. मालक कृष्णराज शर्टाच्या बाह्या दुमडून दारातच उभे होते. जिन्याला ग्रॅनाइट, भिंतीवर इंग्रजी सुविचार, पाण्याला तीन वेळा गाळणारं यंत्र. मी एक खिडकी उघडली. समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

“प्रायव्हसी,” कृष्णराज म्हणाले.

अप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू ती भिंत त्यांनी स्वतः बांधली होती. परत निघताना आत्यांनी विचारलं की इथं सैपाक कोण करतं. कृष्णराज म्हणाले, आउटसोर्स. आत्यांना वाटलं ते बाईचं नाव आहे. नाव निराळंय, म्हणाल्या, पण एकटी बाई एवढ्यांचं कसं करती.

तिसरं होस्टेल यादीत नव्हतं. अप्पा टायरात हवा भरायला थांबले तिथं समोर पिठाची गिरणी होती. वीरभद्र नावाचे गृहस्थ ती चालवायचे. आत्या सवयीनं आत गेल्या, कुणाच्यातरी डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “वर पोरी राहत्यात म्हनं.” वर खरंच मुलींच्या खोल्या होत्या. त्या वीरभद्रांच्या बायकोच्या ताब्यात होत्या आणि त्यांना सगळे नुसतं मावशी म्हणत.

मी शास्त्राशी प्रामाणिक राहून तिथंही मोजमाप केलं. जिना इतका उभा, की चढताना पुढच्या माणसाशी फक्त त्याच्या टाचांच्या पातळीवर बोलता येतं. पाण्यात क्षार एवढे, की माझ्या मीटरनं दोनदा विचार केला. खाली गिरणी सुरू झाली तेव्हा ॲपचा काटा कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिथंच राहिला. गिरणी सकाळी किती वाजता सुरू होते, मी ओरडून विचारलं. मावशी ओरडून म्हणाल्या, उजाडलं की. मी काळा ड्रेस घालून वर गेले होते आणि पांढरी होऊन खाली आले. ज्ञानू मला बघून जिन्यातच बसली. तिला हसू थांबवता येईना, आणि अप्पांनी मला गाडीत बसवताना मागून दोनदा झटकलं, पोतं झटकतात तसं.

घरी येऊन बेरीज केली. कॉलेजचं पहिलं, ड्रीम नेस्ट दुसरं, गिरणी इतकी खाली की तिच्यासाठी तक्ता वाढवावा लागला. मी निकाल वाचून दाखवला. आण्णा समाधानानं मान हलवत होते तेवढ्यात अप्पा म्हणाले, पाहुण्याला दुसरा नंबर कसा काय. आत्या म्हणाल्या, त्या नियमवाल्याकडं पोरीला जेवताना घास मोजून देतील. आण्णा म्हणाले, ड्रीम नेस्टच्या फलकावर नोंदणी क्रमांक नव्हता. गिरणीचं नाव कुणीच काढलं नाही, आत्यांनीसुद्धा नाही. “जिना लई उभाय,” एवढंच म्हणाल्या. आईचं मत कुणी विचारलं नाही. आईचं मत आमच्याकडे कुणी विचारत नाही. ती ते भाजीत घालते, आणि त्या दिवशी वांग्यात मीठ नव्हतं.

शेवटी आण्णांनी चष्मा काढला. “एकमत होत नाही. बघू. तोवर ज्ञानूचा एसटीचा पास काढून ठेवतो.”

ज्ञानू उठली. तिनं माझी जुनी कॉलेजची बॅग माळ्यावरून काढली आणि तिची तुटलेली चेन लागते का बघायला लागली. ते मला सहन झालं नाही.

चाचणी डब्याची कल्पना मला तिथं सुचली. तिन्ही ठिकाणी आत्यांनी डब्याचं विचारलं होतं आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं: आमचं माणूस स्टँडवरून आणून देईल, काळजी नको. हा दावा तपासण्याजोगा होता. मी मांडलं, की तिन्हीकडे एकाच वेळी एकसारखा डबा पाठवायचा, मुलगी दुपारी राहायला येतेय असं कळवायचं आणि काय होतं ते बघायचं. त्यांना चाचणी आहे हे कळता कामा नये, नाहीतर ते चांगलं वागतील. आत्यांना कल्पना एकदम पटली. चांगलं शास्त्र आहे म्हणाल्या, त्यांच्या जाऊबाईंनी सून बघताना असंच केलं होतं.

आण्णांच्या एकाच जुन्या शर्टाच्या मी तीन पिशव्या शिवल्या. लाल धागा कॉलेजचा, पिवळा ड्रीम नेस्टचा, हिरवा गिरणीचा. तिन्ही डब्यांत पिठलं-भाकरी, काट्यावर वजन करून. पहिल्या दिवशी अप्पांनी आग्रह धरला, की एसटी कशाला, त्यांच्या ओळखीचा टेम्पो धाराशिवलाच निघालाय, घटकेत पोचवील. टेम्पोत कांदे होते. धाराशिव कधी गेलं ते ड्रायव्हरच्या लक्षात आलं नाही. डब्यांची आठवण झाली तेव्हा तुळजापूर मागं पडून तामलवाडी आली होती. तिथून त्यानं फोन केला. अप्पांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला तरी आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, की पिठलं झकास होतं, दोन डबे अजून शिल्लक आहेत, आणि त्यांचं काय करू.

रात्री त्याच टेम्पोनं पिशव्या परत आल्या, आणि मी ठरवलं, की दुसऱ्या दिवशी डबे एसटीनं जातील आणि मी त्यांच्याबरोबर जाईन.

निघताना पिशव्या उचलल्या तेव्हा त्या एकसारख्या जड लागेनात. मी रस्त्यातच त्यांच्या गाठी सोडल्या. तिन्हींत शेंगदाण्याची चटणी होती; ती आईची, कोरडं कसं पाठवायचं म्हणून. तेवढं चालण्यासारखं होतं, सगळीकडे सारखं होतं. पण लाल धाग्याच्या डब्यावर येडेश्वरी देवीच्या अंगाऱ्याची पुडी होती, आणि ती आण्णांच्या कार्यालयीन घडीची होती. पिवळ्या धाग्यात पेढ्यांचा पुडा होता, अप्पांच्या दुकानाच्या कागदात. आणि हिरव्या धाग्यात दोन भाकरी जास्त होत्या. आत्यांना मी तिथूनच फोन केला.

“जिना उभाय,” आत्या म्हणाल्या, “भूक लागंल.”

नियंत्रित प्रयोग म्हणजे ज्यात तपासायची गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं ठेवलेलं असतं. माझ्या प्रयोगात प्रत्येक परीक्षकानं आपापल्या उमेदवाराला खाऊ चारला होता. मी काढून टाकणार होते, पण तेवढ्यात गाडी आली. कंडक्टर श्रीमंतदादांनी तिन्ही पिशव्या हातातून घेऊन रांगेत लावल्यासुद्धा, आणि मला पाहून म्हणाले, “तू कशाला आलीस? डबे जात्यात की एकटे.”

धाराशिवच्या स्टँडवर मी कँटीनमध्ये बाक दिसेल अशी जागा धरली आणि ओळखू येऊ नये म्हणून ओढणी तोंडावर घेतली. तिन्ही ठिकाणी फोन करून धाग्यांचे रंग सांगून झाले होते. कँटीनवाल्यानं विचारलं कुणाची वाट बघता. मी म्हणाले, निरीक्षण चालू आहे. त्यानं चहाचे पैसे आधी मागून घेतले. शेजारच्या एका बाईंनी मला हळूच सांगितलं, की घरचे शेवटी माफ करतात, मी परत जावं.

लाल पिशवी सगळ्यात आधी गेली. कॉलेजचा शिपाई आला, पिशवीचं निरीक्षण करून एका वहीत काहीतरी लिहिलं आणि ती अंगापासून लांब धरून घेऊन गेला. पिवळ्या पिशवीसाठी कृष्णराज स्वतः आले, स्कूटर बंद न करता, कानाशी फोन. पिशवी हँडलला अडकवताना पेढ्यांचा पुडा वर आला. त्यांनी तो पाहिला आणि फोनवर कुणालातरी म्हणाले, नंतर बोलतो.

हिरव्या पिशवीला कुणी येईना. बाकावरच्या सगळ्या पिशव्या एक-एक करून उठल्या, ती एकटी राहिली. माझ्या तक्त्याचं म्हणणं खरं ठरत होतं आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मी उठायच्या बेतात होते तेव्हा दोन मुली पळत आल्या. एकीचे केस ओले, दुसरीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला.

ओल्या केसांच्या मुलीनं पिशवी नाकाशी धरली. “पिठलं हाय.”

“खाली ठेव निकिता. नव्या पोरीचंय ते.”

“वास घेतल्यानं कमी होतंय व्हय?”

शास्त्रीयदृष्ट्या किंचित होतं, पण मी ओढणीआड गप्प बसले. पिशवी दोघींनी एकेक बंद धरून नेली.

मी परत येरमाळ्याला पोचले तेव्हा आत्या ओट्यावर बसून फोनवर बोलत होत्या. संपर्कासाठी मी त्यांचा नंबर दिला होता. त्यांचा बटणांचा फोन एवढा मोठ्यानं बोलतो, की पलीकडचा माणूस घरात बसल्यासारखा वाटतो. फोनवर गिरणीवरच्या मावशी होत्या. त्यांच्या आवाजामागे गिरणी होती.

“पोरगी अजून आली न्हाय बघा,” मावशी ओरडून सांगत होत्या. “डबा आलाय. अन्न निवायलंय. तिच्यासाठी ठिवू, का माझ्या पोरींना वाढू? इचारल्याबिगर कसं वाढावं म्हनून फोन केला.”

“वाढा की,” आत्या म्हणाल्या. “पोरीला आमच्या जरा ताप आलाय, उद्या यील.”

ज्ञानू समोर बसून पेरू खात होती. ती घाईनं एकदा खोकली.

“ताप आलाय? मग उद्या नका धाडू. बरी होऊ द्या. खाट काय पळून जाती व्हय?”

आत्यांनी पदर सावरला. मग पाय जवळ घेऊन त्यांनी विचारलं, “माहेर कुठलं म्हनायचं तुमचं?”

“सोनारी.”

आत्यांची थोरली नणंद सोनारीला दिलेली. पुढचं संभाषण भैरवनाथाच्या देवळापासून सुरू झालं, नणंदेच्या घरावरून तिच्या चुलत दिराच्या लग्नात गेलं, तिथं कोण कुणावर रुसलं होतं तिथं बराच वेळ थांबलं, आणि आत्यांच्या फोनची बॅटरी संपली तेव्हा संपलं. होस्टेल या विषयावर त्यात एकही वाक्य नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं डबे आले. समिती ओट्यावर जमली. मी वही घेतली.

लाल पिशवी आधी सोडली. डबा उघडलेलाच नव्हता. गाठीला एक चिठ्ठी टाचली होती: बाहेरील खाद्यपदार्थास परवानगी नाही, सबब परत. खाली सही, तारीख, शिक्का. आतल्या पिठल्यावर साय धरली होती आणि भाकरीचा घट्ट पुठ्ठा झाला होता. आण्णांनी शिक्का पाहिला, मग भाकरी पाहिली. अंगाऱ्याची पुडीसुद्धा परत आली होती, तीही खाद्यपदार्थात धरून. “मुलगी येऊन जेवली नाही, हे त्यांनी बघायला पाहिजे होतं,” आण्णा हळू म्हणाले. नियमाच्या माणसाबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली तक्रार.

पिवळ्या पिशवीतला डबा रिकामा होता. धुतला नव्हता, पण गरजही फारशी नव्हती, इतकं निपटून खाल्लेलं होतं.

अप्पांनी वाकून आत पाहिलं. “पेढे?”

पुड्याचा कागद तेवढा होता, नीट चार घड्या घातलेला.

“मी पोरीसाठी दिलते,” अप्पा म्हणाले. नंतर म्हणाले, “पाहुना हाय.” मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

हिरवी पिशवी आत्यांनी स्वतः सोडली. डबा घासलेला होता. राखेनं घासलेला असावा, कारण तो आमच्या घरात कधी नव्हता इतका चकाकत होता. झाकण निघालं. आत मूठभर साखर होती आणि दोन बिस्किटं, त्यातलं एक कोपऱ्यात थोडं खाल्लेलं. ते कुणी खाल्लं असेल ते मला माहीत होतं.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. शेजारून वाटीभर कालवण आलं तर वाटी जाताना तिच्यात काहीतरी जातं, काही नसलं तर साखरेची चिमूट. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरलं तर सांगतही नाही. नुसतं लक्षात ठेवतात. माझ्या तक्त्यात खिडकीसाठी रकाना होता, उजेडासाठी होता, पाण्यातल्या क्षारांसाठी तर दोन होते. याचा नव्हता.

आत्यांनी साखरेतली चिमूट ज्ञानूच्या हातावर ठेवली, एक माझ्या. खाल्लेलं बिस्किट त्यांनी उलटून पाहिलं. “भुकेजलेलं लेकरू हाय,” म्हणाल्या, “तरी दुसरं आख्खं ठिवलंय.” मग आण्णांकडे वळल्या. “लिंबाजी, आता काय बघायचंय?”

मी घाईनं सांगायला लागले, की आवाजाचं प्रमाण तिथं फार आहे, क्षार आहेत, जिना आहे. मला विरोध करायचा नव्हता. नोंद पूर्ण असावी एवढंच. आई आतून भाजी चिरता चिरता म्हणाली, “गिरणी उजाडताच सुरू होती म्हनलीस ना? मग झोपून राहायची सोय न्हाय. आठाच्या आत पोचंल पोरगी.”

आईचं मत सगळ्यांनी ऐकल्याची आमच्या घरातली ही पहिली वेळ. बहुधा ते भाजीत न घालता तिनं बाहेर काढल्यामुळे असेल.

आण्णांनी चष्मा घातला, तिन्ही डब्यांकडे एकदा ओळीनं पाहिलं. त्यांच्या ओठांवर तो शब्द येतोय असं मला दिसलं, आणि ज्ञानूनं हातावरची साखर तशीच धरून ठेवली. पण आण्णा म्हणाले, “मंजूर.”

ज्ञानू गेली. पिकअपमध्ये या वेळी ती पुढं बसली आणि अप्पांनी तिची गादी स्वतः त्या जिन्यावरून वर नेली. मध्यावर ते आणि गादी काही काळ अडकून होते, ते खालून वीरभद्रांनी ढकललं.

गावात आता या प्रकरणाची फार चर्चा आहे. ज्यांच्या पोरी बाहेर शिकायला निघाल्यात त्या बायका सल्ल्याला येतात, आणि येतात त्या आत्यांकडे. धुरपताबाईंनी नुसत्या डब्यावरून होस्टेल ओळखलं, असं सांगतात. प्रयोगाची कल्पना, रचना आणि कँटीनमधलं ते अपमानास्पद निरीक्षण माझं होतं, हे मी दोघी-तिघींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, व्हय का, आणि विचारलं की आत्या घरात आहेत का. परवा एकीनं माझ्याकडे पिशवी शिवायला दिली. लाल धागा असला तर बरं, म्हणाली.

डबा रोज जातो. आत्या हिशेबानं दोन भाकरी जास्त घालतात, निकिता नावाच्या एका गृहीतकासाठी. संध्याकाळी डबा येतो तेव्हा त्यात मावशींनी गिरणीतलं ताजं ज्वारीचं पीठ भरलेलं असतं. त्या पिठाच्या दुसऱ्या दिवशी भाकरी होतात आणि धाराशिवला जातात, आणि डबा पुन्हा पीठ घेऊन येतो. हे चक्र थांबायचं कुठं, हा प्रश्न दोन्ही घरांपुढे आहे, कारण रिकामा डबा आधी कोण देणार? बाहेरून काही न घालता कायम फिरत राहणारं यंत्र असू शकत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मी त्यावर टिपण करते आहे.

पहिल्या सोमवारी दुपारी ज्ञानूचा फोन आला. गिरणी मागं चालू होती, त्यामुळे ती ओरडत होती आणि मीही. गिरणीनं उठवलं, म्हणाली, मावशींनी चहा पाजून हाकललं, आणि वर्गाचं दार उघडायच्या आधी ती दारात उभी होती.

मी विचारलं, कुठलं प्रॅक्टिकल होतं.

“टायट्रेशन. ताई, सुरुवातीला कायच रंग नसतो गं. नुसतं पाणी दिसतं. थेंब पडतो, गुलाबी होतो आणि जातो. परत पडतो, परत जातो. मला वाटलं, माझं चुकलंच. मग एक थेंब पडला आणि तो गेलाच न्हाय.”

मी म्हणाले, बरोबर आहे, असंच असतं.

“तुला म्हाईत होतं व्हय?”

“पुस्तकात होतं,” मी म्हणाले, “पण इतकं चांगलं नव्हतं.”